मागील बरहुकूम

डूख धरावा तर शांतवन भिंगारदिव्यांनी. सापाच्या डुखाचं लोक उगाच कौतुक करतात. साप एकदा चावतो आणि बिळात जाऊन बसतो. शांतवनभाऊ चित्र काढत, आणि ज्याच्यावर डूख असेल तो माणूस ते चित्र हौसेनं स्वतःच्या दारावर टांगत असे.

त्यांचं नाव शांतवन कुणी ठेवलं कोण जाणे. पाळकांनी ठेवलं असेल, तर बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी पोराचे डोळे नीट पाहिले नसावेत. मला मात्र तो माणूस फार आवडायचा. मी स्वतः काही गरीब गाय नाही. मनाला लागलेलं मी विसरत नाही, आणि विसरल्याचं सोंगही मला जमत नाही. त्यामुळं आमचं पहिल्या दिवसापासून जमलं.

तेव्हा लढाई चालू होती. नगरच्या किल्ल्यात पुढारी कोंडलेले, भिंगारच्या कॅम्पात गोरे सोल्जर, आणि बाजारात रॉकेल, कागद, साखर, सगळ्याचीच मारामार. मी मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते, पण तिथल्या मॅडमशी माझं बिनसलं. का, ते सांगत बसत नाही. त्या मेल्या आहेत आणि मी जिवंत आहे, तेवढं पुरे. नोकरी सुटली आणि मी 'डंका जाहिरात कचेरी'त मजकूर लिहायला लागले.

कचेरीचं नाव डंका, पण जागा माळीवाड्याच्या वेशीच्या आत, एका बंद पडलेल्या तेलाच्या घाण्याची. पुढच्या खोलीत मालक तात्यासाहेब. मधल्या खोलीत मी आणि शांतवनभाऊ समोरासमोर. मागच्या पडवीत शिळाप्रेस आणि ती चालवणारे गफूरभाई. साबण, दंतमंजन, केसांचं तेल, सर्कस, तमाशाचे फड, ज्याला म्हणून काही खपवायचं असेल त्याचं लेबल, हँडबिल, भिंतीवरची जाहिरात आम्ही करून देत असू. चित्र शांतवनभाऊंचं, शब्द माझे.

शिळाप्रेस म्हणजे काय ते आता सांगावं लागतं. जाड, गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं आणि त्यावर कागद दाबून छापायचं. कागदावर उमटताना डावं ते उजवं होतं, म्हणून दगडावर सगळं उलटं काढायचं, अक्षरंसुद्धा. शांतवनभाऊंच्या गळ्यात सुतळीला बांधलेला एक वाटोळा आरसा असे. दगडावरचं काम ते त्या आरशात बघून पारखत. पुढं ही सवय इतकी वाढली की माणसंही ते आरशातूनच बघायला लागले. कचेरीत नवा माणूस आला की हे त्याच्याकडं पाठ करून बसत, आरसा खांद्याशी धरत आणि त्याला निरखत.

"समोरून बघितलं की मानूस तोंड सावरून घेतंय, बाई," ते मला म्हणाले होते. "पाठ केली की खरं तोंड दिसतंय."

माझा पहिला मजकूर केसांच्या तेलाचा होता. मी शाळामास्तरीण, मी त्यात भ्रमर, मेघ, केशसंभार सगळं कोंबलं होतं. शांतवनभाऊंनी तो कागद लांब धरून वाचला.

"बाई, केस लांब पायजेत. वाक्य कशाला?"

"वाक्यात वजन नको का?" मी फणकारले.

"वजन दगडाला लई हाय. तुमी सुलटं लिव्हून मोकळ्या, मला ह्यो भ्रमर उलटा पाडायचाय."

मंडईत भाजीवर करावी तशी आमची शब्दांवर घासाघीस झाली. शेवटी एका जाहिरातीला एकच जोडाक्षर असा तह ठरला. तो आम्ही दोघांनीही जमेल तेव्हा मोडला, आणि मोडल्याबद्दल एकमेकांचा उद्धारही केला.

त्यांच्या डुखाची पहिली ओळख मला चहावरून झाली. वेशीजवळच्या हॉटेलात आमच्यासारख्या ख्रिस्ती लोकांना चहा वेगळ्या कपात मिळे. त्या कपाचा कान तुटलेला होता आणि कडेला चीर होती. तो बाहेरच्या कोनाड्यात असायचा. आपणच घ्यायचा, आपणच विसळून परत ठेवायचा. शांतवनभाऊ वर्षानुवर्षं त्याच कपातून चहा पीत आले होते आणि कधी एका शब्दानं बोलले नव्हते. मग त्या हॉटेलवाल्यानं नवी पाटी रंगवायला दिली.

शांतवनभाऊंनी जीव ओतून पाटी रंगवली. निळी बशी, वाफाळता चहा, बाजूला गुलाबाचं फूल. हॉटेलवाला खूष. त्यानं नारळ फोडून पाटी टांगली. पाटीवरच्या कपाला कान नव्हता आणि कडेला बारीक चीर होती. आमची माणसं रस्त्यानं जाताना वर बघत आणि एकमेकांना कोपरानं ढोसत. हॉटेलवाल्याला ते पुष्कळ दिवसांनी त्याच्या मेव्हण्यानं दाखवलं, तेव्हा तो तणतणत कचेरीत आला.

शांतवनभाऊ त्याच्याकडं पाठ करून, आरशात बघत म्हणाले, "तुमच्या हाटेलात मी ह्योच कप बघितला. दुसरा कदी तुमी दिलाच न्हाई. मी बघितलं ते काढलं."

त्या माणसानं मग दुसऱ्या रंगाऱ्याकडून कपाला कान काढून घेतला. तो वाकडा आला, याचं शांतवनभाऊंना अतोनात सुख झालं. पुढं कित्येक दिवस ते मुद्दाम त्या रस्त्यानं जात.

रविवारी ते मिशनच्या देवळात शेवटच्या बाकावर बसत. प्रार्थनेत क्षमेची ओळ आली की ओठ मिटून घेत आणि पुढच्या ओळीला परत सामील होत. मी एकदा छेडलं, "शांतवनभाऊ, आपल्यात क्षमा करायला सांगितलंय."

"सांगितलंय ना," ते म्हणाले. "किती येळा करायची ते सांगितलंय. कदी करायची ते न्हाई सांगितलं."

आता तात्यासाहेब. त्यांचं आडनाव मी लिहिणार नाही. नाव लिहिलं तर ती जाहिरात होईल, आणि त्या माणसाची फुकट जाहिरात माझ्या हातून व्हायची नाही. चेहरा मात्र लिहिते, कारण पुढं तो लागणार आहे. मधोमध जुळलेल्या भुवया, बसकं नाक, आणि खालचा ओठ पानानं रंगलेला, जाडजूड, लोंबता. तो ओठ ते सारखे चाटत. स्वतःला ते लेखक समजत. तरुणपणी त्यांनी एक संगीत नाटक लिहिलं होतं आणि ते कुणी केलं नाही, याचा राग ते आमच्यावर काढत.

कचेरीत त्यांचा एक कडक नियम होता. पूर्वी एका साबणवाल्यानं सगळी लेबलं परत पाठवली होती, कारण त्यावरच्या मोराची मान आधीच्यापेक्षा जरा वेगळी आली होती. खेड्यातल्या गिऱ्हाइकाला वाचता येत नाही, ते चित्र ओळखतं. मोर बदलला की साबण नकली. तेव्हापासून तात्यासाहेब नवी छपाई आली की ती मागच्या छपाईशेजारी ठेवत, खिडकीशी नेऊन भिंगातून दोन्ही ताडून बघत, आणि कोपऱ्यात 'मागील बरहुकूम' लिहून सही ठोकत. त्या सहीशिवाय गफूरभाई प्रेसचं चाक फिरवत नसत.

छापायचे दगड जर्मनीहून येत. लढाईमुळं ते बंद झाले होते. होते तेच दगड वाळूनं घासून पुन्हा पुन्हा वापरायचे. कागद थोडा थोडा मिळायचा, म्हणून छपाईही थोडी थोडी. त्यामुळं प्रत्येक छपाईला शांतवनभाऊ मागचं लेबल समोर ठेवून तेच चित्र नव्यानं दगडावर काढत. नव्यावर सही झाली की जुनं लेबल माझ्याकडं येई. त्याच्या पाठीवर मी कच्चा मजकूर लिहायची आणि मग ते गफूरभाई शाईचे हात पुसायला नेत. म्हणजे तात्यासाहेबांचं 'मागील' ते लगेच मागचं. त्याच्या मागचं काय होतं हे बघायला कागदच शिल्लक नसे.

शांतवनभाऊंची बायको राहेल. मी यायच्या आधीच ती विषमज्वरानं वारली होती. तिचा फोटो नव्हता. नाताळात काढू म्हणत म्हणत दोनतीन नाताळ गेले, आणि मग फोटो काढायला राहेल राहिली नाही. तात्यासाहेबांनी तेलाच्या बाटलीसाठी लांब केसांची बाई काढायला सांगितली, तेव्हा शांतवनभाऊंनी आठवणीतून राहेल काढली. न्हाऊन केस मोकळे सोडलेली, मान जरा कललेली, हसू ओठावर आलंय आणि नाहीही. गफूरभाईंनी राहेलबाईंना पाहिलं होतं. ते म्हणत, "पहिला कागद निघाला आणि मी चाक सोडून दिलं. बाई उठून बसली होती."

तात्यासाहेबांनी फक्त कपाळावर कुंकू मागितलं. कुंकवाशिवाय तेल खपायचं नाही. राहेल कुंकू लावत नसे. शांतवनभाऊंनी लावलं.

मी राहेलबाईंना पाहिलं ते असं, बाटलीवर. शांतवनभाऊ ती लेबलं कापताना कडेनं कात्री अशी सांभाळून नेत की मला बघवत नसे. "लोकं हिला घरात नेत्यात," ते म्हणाले होते. "कोनाड्यात ठेवत्यात. बायका रोज हात लावत्यात. बरं वाटतंय."

मग खोबरेल मिळेनासं झालं आणि तेलवाल्यानं धंदा गुंडाळला. तात्यासाहेबांनी ते चित्र एका विडीवाल्याला दिलं. नवा माल, मैना विडी. बंडलाला गुंडाळायचा कागद, त्यावर हीच बाई.

शांतवनभाऊ पुढच्या खोलीत गेले. मी दारात उभी होते.

"तात्यासाहेब, दुसरी काडून देतो. हिच्यापरीस झ्याक काडतो. हिला विडीवर नगं."

"का?"

"लोकं बंडल फोडत्यात, कागुद गटारात टाकत्यात. त्येच्यावर थुकत्यात. ती माझी मंडळी हुती."

तात्यासाहेबांनी पान जमवून तोंडात घातलं. "अरे भिंगारदिव्या, मंडळी तुझी, मान्य. पण चित्र कचेरीचं. आणि मेलेल्या बाईला कसली रे लाज?"

एवढ्यावर ते थांबले नाहीत. विडीला एक ओळ हवी होती. मी लिहायला साफ नकार दिला, तर त्यांनी स्वतःच लिहिली. किती तरी वर्षांनी त्यांच्या हातून एक ओळ उतरली होती आणि ते ती गुणगुणत फिरत होते: 'मैना, सगळ्यांच्या ओठांवर.'

ती ओळ राहेलच्या चेहऱ्याखाली शांतवनभाऊंनी स्वतःच्या हातानं उलटी लिहिली. त्या दिवशी ते आरशात बघत नव्हते. मी समोर बसून पाहत होते आणि माझ्या मनात तात्यासाहेबांबद्दल जे जे आलं ते इथं छापता येणार नाही. ते मी अजून मागं घेतलेलं नाही.

मैना विडी धो धो खपली. माळीवाड्यात, स्टँडवर, कॅम्पाच्या रस्त्याला, जिथं पाहावं तिथं पायाखाली राहेल. शांतवनभाऊ खाली बघत चालायचे. कागद दिसला की उचलायचे, शर्टाला पुसायचे, खिशात घालायचे आणि पुन्हा कुणाचा पाय लागू नये म्हणून रात्री चुलीत घालायचे. मग इतके दिसायला लागले की उचलणं सोडलं आणि वर बघत चालू लागले.

पुढच्या छपाया येत गेल्या. तात्यासाहेब खिडकीशी जात, भिंग लावत, सही करत. मला काही वेगळं जाणवलं नाही. मीही मागचंच पाहत होते ना! एके दिवशी जुन्या लेबलाच्या पाठीवर दंतमंजनाचा मजकूर लिहिता लिहिता मी ते सहज उलटलं. मैनेचा खालचा ओठ जरा जाड वाटला. कुठं तरी पाहिलाय असं वाटत होतं, तेवढ्यात तात्यासाहेब ओठ चाटत खोलीत आले आणि माझ्या हातातून टाक गळून पडला.

मी वर पाहिलं. शांतवनभाऊ माझ्याकडं पाठ करून बसले होते आणि आरशातून मला बघत होते.

तात्यासाहेब गेल्यावर मी हळूच विचारलं, "हे काय चाललंय?"

"मागील बरहुकूम," ते म्हणाले.

"शांतवनभाऊ!"

त्यांनी कुंचला खाली ठेवला. "आदी तिला तितनं भायेर काडतोय, बाई. एका येळी लई न्हाई, तांदळाच्या कनीएवढं. एकदा भुवई, एकदा नाकाचा शेंडा. पन काडलं की जागा मोकळी ऱ्हाती. मोकळ्या जागी कुनाला तरी बसवाया पायजेच की."

"आणि तिला कुठं नेता?"

"ती हातात हाय माझ्या." त्यांनी उजवा पंजा उघडून दाखवला. नखांत काळी शाई होती. "समदी पुसली तरी हितं हाय. कदीबी काडीन."

मला इतका आनंद झाला की मी पदर तोंडाला लावून हसले. सज्जन माणसांनी या ठिकाणी मान हलवावी. मी त्यांच्यातली नाही. त्या दिवसापासून छपाईचा कागद खिडकीशी गेला की मी तात्यासाहेबांकडं त्यांच्या नाटकाची चौकशी काढायची. भिंग डोळ्याला असे आणि चित्त दुसऱ्या अंकात. नांदी, प्रवेश, पदं सांगता सांगता सही होऊन जायची. गफूरभाई चाक फिरवताना खोकायचे. तो खोकला नव्हता.

माणूस आपलं तोंड रोज बघतो, पण दुसऱ्याच्या धडावर ते बसवलं तर त्याला ओळखू येत नाही. हळूहळू मैनेच्या भुवया जुळल्या. नाक बसलं. ओठ लोंबला. केस, पदर, कललेली मान राहेलची आणि त्यात तात्यासाहेब, लाजून हसणारे. शेवटी शेवटी ते इतकं साफ झालं की मला भीती वाटायची, आता कळेल, मग कळेल. त्यांना कळलं नाही. गिऱ्हाइकालाही नाही, कारण तेही मागचंच बंडल बघून पुढचं घेत होतं.

लढाई संपली आणि विडीवाल्यानं खेड्यापाड्यांत मोठ्या भिंती रंगवायचं ठरवलं. पहिली भिंत तिसगावची. बाजारच्या दिवशी तात्यासाहेब स्वतः निघाले, सोबत आम्ही दोघं. कोळशाच्या भट्टीवर चालणारी मोटार, ती चढाला दमायची की सगळ्यांनी उतरायचं. तिसगावात पोचेस्तोवर आमची तोंडं काळी झाली होती. तात्यासाहेबांनी मात्र हौदावर जाऊन तोंड स्वच्छ धुतलं, फेटा काढून केस नीट केले आणि पत्र्याचा कर्णा घेऊन चावडीच्या ओट्यावर चढले. भाषणाची त्यांना हौस होती.

"मंडळी, मैना! सगळ्यांच्या ओठांवर!"

पुढंच एक म्हातारा बसला होता, खांद्यावर घोंगडी. त्यानं विडी काढायला बंडल बाहेर काढलं. बंडलाकडं बघितलं. वर बघितलं. परत बंडलाकडं बघितलं.

"रामा," तो शेजारच्याला म्हणाला, "ही मैना बग बरं."

"काय बगायचं?"

"आनि आता त्यो बग. कर्नेवाला."

रामानं बघितलं आणि विडी त्याच्या तोंडातून खाली पडली. "आयला! व्हय की! ही तर हितं हुबी हाय!"

"मैनाबाई," मागून एकजण ओरडला, "लुगडं कुटं ठिवून आलीस?"

मग काय विचारता. जो तो खिशात हात घालू लागला. बंडलं वर झाली. बांगडीवाल्या, मिरच्या विकणाऱ्या बाया, मेंढरंवाले, सगळे ओट्याभोवती लोटले. कुणी बंडल तात्यासाहेबांच्या गालाशी धरून बघत होतं, कुणी त्यांना मान कलती करायला सांगत होतं. एक मिरचीवाली पुढं झाली, त्यांच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "लई ग्वाड हाय गं बाय." त्यांना काही कळेना. ते हसले. हसले आणि खालचा ओठ चाटला, तशी सगळ्या बाजारानं एकच हाळी दिली.

कुणीतरी त्यांच्या हातात बंडल कोंबलं. सवयीनं त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि लावून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी स्वतःच्या तोंडावरून हात फिरवला, भुवईवरून, नाकावरून, आंधळा माणूस फिरवतो तसा.

शांतवनभाऊ पुढं झाले. गळ्यातला आरसा काढला आणि दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं, त्यांच्यासमोर धरला.

तात्यासाहेबांचा तेव्हाचा चेहरा मला या वयातही झोप येत नसली की उपयोगी पडतो. शांतवनभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा त्यांच्याकडं समोरून बघत होते.

दुसऱ्या दिवशी कचेरीत आकांत झाला. फसवणूक, विश्वासघात, पोलीस, सगळे शब्द झाले. शांतवनभाऊ एवढंच म्हणाले, "सही तुमची हाय. परतेक येळी." पोलिसांत जाऊन सांगणार तरी काय? की माझं तोंड विडीवर आलं आणि मीच भिंगातून बघून पास केलं? तात्यासाहेब विडीवाल्याकडं धावले, चित्र बदला म्हणाले. विडीवाला म्हणाला, अहो, गिऱ्हाईक वाचत नाही, चित्र ओळखतं. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. आता बदललं तर माल नकली ठरेल. आहे तेच चालू द्या, मागील बरहुकूम.

ही बातमी गफूरभाईंनी आणली आणि आम्ही तिघांनी पडवीत बसून चहा मागवला. नवी पाटी टांगलेल्या त्या हॉटेलातून; शांतवनभाऊंच्या धास्तीनं आता तिथून आम्हाला कान असलेले कप येत.

नगरच्या पोरांना मग आयतंच मिळालं. तात्यासाहेब रस्त्यानं निघाले की मागून 'मैना' अशी हाक यायची आणि वळून बघावं तर सगळे आभाळाकडं बघत असायचे. त्यांनी बाजाराला जाणं सोडलं, मग बाहेर पडणंच सोडलं. शेवटी कचेरी विकून ते सासुरवाडीला गेले. मैना विडी तिथंही मिळत होती. विडीवाल्यानं त्यांच्यानंतर दुसऱ्या छापखान्यात लेबलं छापली आणि चेहरा तोच ठेवला. पायाखाली, गटारात, थुंकीत आता ते होते.

मी सुखी होते. शांतवनभाऊही असतील असं मी धरून चालले होते.

मला राहात्याच्या शाळेत नोकरी लागली आणि निघण्याआधी निरोप घ्यायला मी त्यांच्या खोलीवर गेले. दुपारची वेळ. मिशन कंपाउंडच्या मागची खोली, दार उघडं. कचेरी मोडली तेव्हा त्यांनी एक तडा गेलेला दगड मागून आणला होता. तो खिडकीखाली ठेवून ते काही काढत होते. मी आले हे त्यांनी आरशात पाहिलं असणार, पण वळले नाहीत.

"बसा बाई. तिला काडतोय. आता कुनी मागनारं न्हाई, विकनारं न्हाई. म्हनलं, निवांत काडावी."

मी पेटीवर बसले. दगडावर उलट्या रेषा उतरत होत्या. केस आले, भांग आला, कपाळ आलं. हात झरझर चालत होता, कुठंही अडत नव्हता. मग त्यांनी आरसा धरला आणि बघत राहिले. मग तसाच आरसा माझ्याकडं केला.

मोकळ्या केसांखाली, कललेल्या मानेवर, तात्यासाहेब हसत होते.

"सकाळधरनं काडतोय," शांतवनभाऊ म्हणाले. "पुसतोय आनि काडतोय. दर येळी ह्योच येतोय."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्या माणसाचा बिनरागाचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"बाई, तिचं नाक कसं हुतं? तुमी लेबलं बघितली हुती."

मी आठवायला लागले. मला नाक आठवलं, आणि ते बसकं होतं. गफूरभाईंना विचारू म्हटलं, तर शांतवनभाऊ म्हणाले, "इचारलं. त्येंलाबी मैनाच आठवती." मी म्हटलं, कुणाच्या तरी कोनाड्यात तेलाची जुनी बाटली असेल. लढाईत काचेची बाटली मिळत नव्हती, लोकांनी धुऊन धुऊन वापरल्या. लेबलं केव्हाच निघून गेली. हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "कपाळ तरी तिचंच आलंय की."

"कपाळ मी कदी बदललंच न्हवतं," ते म्हणाले. "कुकू तेवढं त्येंचं हुतं. आज न्हाई लावलं."

मग त्यांनी टर्पेंटाईनमध्ये कापसाचा बोळा बुडवला आणि कपाळाच्या खालचं सगळं पुसायला घेतलं. घाई नव्हती. ओठ पुसला, नाक पुसलं, जुळलेल्या भुवया पुसल्या. वरच्या केसांना बोळा लागू नये म्हणून डावा हात कपाळावर आडवा धरला होता, तापात माणसाच्या कपाळावर धरतात तसा.

तात्यासाहेबांना मी क्षमा केलेली नाही. तिसगावच्या बाजाराबद्दल मला आजही गोडच वाटतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा मी त्यांच्या नाटकाची चौकशी करीन. पण राहात्याच्या गाडीत बसल्यावर मला तो बाजार आठवेना. शेजारच्या माणसानं विडी पेटवली, कागद चुरगाळून खाली टाकला, आणि मी पाय वर घेतले.

मी खोलीतून निघाले तेव्हा शांतवनभाऊंनी वळून पाहिलं नव्हतं. आरसा खुंटीला लावलेला होता. पुढ्यात दगड, दगडावर मोकळे केस, मधोमध सरळ भांग, कोरं कपाळ, आणि त्याखाली काहीच नाही. कुंचला शाईत बुडवून त्यांनी हातात धरला होता आणि हात दगडापासून लांब ठेवला होता.